आर्णीहून नागपूरच्या परिषदेला: जाणं, राहणं, शहरातलं फिरणं आणि वेळेत परतणं

प्रश्न थोडक्यात असा. आर्णी तालुक्यातल्या एका महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापक मॅडमचा शोधनिबंध नागपूरच्या राष्ट्रीय परिषदेत घेतला आहे. परिषद डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन दिवसांची, विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या कॅम्पसमध्ये. सोबत पदव्युत्तर वर्गाच्या दोन विद्यार्थिनी, त्यांचं पोस्टर आहे. राहतं गाव आर्णीपासून १२ किलोमीटर आत. नागपूर दवाखाना आणि खरेदीपुरतं माहीत. कसं जावं, कुठे राहावं, शहरात कशानं फिरावं आणि कॉलेजकडून पैसे परत मिळायला काय जपावं?

मॅडम, बहुतेक जण जाण्याचा विचार आधी करतात आणि परतीचं तिथे गेल्यावर बघू म्हणतात. खेड्यातून जाणाऱ्यानं याच्या उलट करायला हवं. पहिलं गणित परतीच्या शेवटच्या गाडीचं मांडा, त्यावरून मुक्काम ठरवा, मुक्कामावरून जाण्याची गाडी.

आर्णी ते नागपूर हे अंतर यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी असं सुमारे १९० किलोमीटर आहे. एसटीला साडेचार ते पाच तास लागतात. परिषदेच्या पत्रिकेवर समारोप दुपारी ४ ला छापलेला असला तरी तो ४ ला होत नाही. उद्घाटनाला पाहुणे येईपर्यंत साडेदहा-अकरा वाजतात, तिथून पुढचं प्रत्येक सत्र सरकत जातं, आणि समारोपानंतर प्रमाणपत्रांचं वाटप सुरू होतं. हातात प्रमाणपत्र पडून तुम्ही गेटबाहेर याल तेव्हा साडेपाच वाजलेले असतील असं धरा. तिथून गणेशपेठच्या मुख्य एसटी स्टँडवर पोचायला, डिसेंबरातली वर्दळ पाहता, पाऊण तास. सव्वासहाला गाडी मिळाली तरी आर्णीला रात्रीचे अकरा. तुमच्या गावाकडे जाणारी मुक्कामी गाडी त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असते. दोन मुलींना घेऊन अकरा वाजता आर्णीच्या स्टँडवर उभं राहायचं नसेल, तर यावर तीनच उपाय आहेत आणि तिन्ही आधीच ठरवावे लागतात.

पहिला उपाय सगळ्यात स्वस्त. निबंधवाचनाची वेळ पहिल्या दिवशी दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या सत्रात मागून घ्या. कार्यक्रमपत्रिका छापायच्या आधी समन्वयकांना मेल करा: ‘आम्ही १९० किलोमीटरवरून एसटीनं येतो, परतीची गाडी दुपारी आहे, कृपया पोस्टर आणि वाचन पहिल्या दिवशी घ्यावं.’ हे मागण्यात संकोच नको. आयोजकांना स्थानिक लोक कुठेही बसवता येतात, बाहेरगावच्यांची सोय करायला ते सहसा तयार असतात. फक्त पत्रिका छापून झाल्यावर त्यांचेही हात बांधलेले असतात. त्याच मेलमध्ये दुसरी गोष्ट विचारा: समारोपाआधी निघालो तर प्रमाणपत्र कधी आणि कोणाकडून मिळेल? काही ठिकाणी ते समारोपानंतरच देतात. तसं असेल तर निदान लेटरहेडवरचं, सही-शिक्क्याचं उपस्थितीपत्र निघताना हातात हवं आणि मूळ प्रमाणपत्र स्पीड पोस्टनं पाठवायची कबुली मेलवर हवी. तोंडी कबुलीवर निघालात तर ते प्रमाणपत्र मार्चपर्यंत फिरकत नाही.

दुसरा उपाय म्हणजे दुसरी रात्रही नागपुरात काढून तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं परत. खर्च एका खोलीचा वाढतो, पण अंधारातला प्रवास टळतो. मुली सोबत असताना हाच बरा. तिसरा उपाय नांदेडकडे जाणाऱ्या रात्रीच्या खासगी ट्रॅव्हल्सचा. त्या आर्णीवरून जातात खऱ्या, पण मध्यरात्रीच्या सुमारास, आणि अशा गाड्या बरेचदा गावात न शिरता हायवेवरच सोडतात. घरचं कोणी गाडी घेऊन न्यायला येणार असेल तरच तिकडे वळा, आणि बुकिंग करताना ‘उतरण्याचं ठिकाण’ हा रकाना वाचून घ्या. तिथे नुसतं ‘आर्णी बायपास’ लिहिलेलं असू शकतं.

आता जाण्याचं. पहिल्या दिवशी सकाळी निघून दहाच्या नोंदणीला पोचायचं म्हणाल तर आर्णीहून पहाटे साडेचारला गाडी हवी, आणि तुमच्या गावातून साडेचारला आर्णीला आणणारं काही नाही. सकाळी परत फिरणारी मुक्कामी गाडी पकडली तरी नागपूरला दुपार होते. म्हणून आदल्या दिवशी दुपारी निघा. उमरखेड आणि नांदेडकडून नागपूरला जाणाऱ्या थेट गाड्या आर्णीवरून जातात. त्यातली दुपारी १२ ते १ दरम्यानची धरली तर दिवे लागायच्या सुमारास शहरात. थेट गाडीत जागा मिळेल याची खात्री नसते, कारण ती आधीच भरून आलेली असते. आर्णीहून आरक्षण दाखवत नसेल तर यवतमाळ ते नागपूर आरक्षण करा आणि आर्णी ते यवतमाळ हा तासाभराचा टप्पा मिळेल त्या गाडीनं करा. यवतमाळला मध्ये निदान एक तास मोकळा ठेवा. बारा किलोमीटरच्या आतल्या रस्त्यावर एक फेरी रद्द झाली की सगळं गणित कोसळतं, तो तास त्यासाठी.

भाड्याचा अंदाज: जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला हे अंतर साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे रुपयांत बसतं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुम्हा तिघींचं एका बाजूचं भाडं पाचशेच्या आसपास. कंडक्टरच्या मशीनवर यूपीआय चालतं, पण देवळीच्या मागेपुढे नेटवर्क दगा देतं. तिकिटापुरते सुट्टे पैसे वेगळ्या पाकिटात असू द्या.

रेल्वेचं काय, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात कायम येतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तुमच्या कामाचा तो नाही: आर्णीहून कळंबपर्यंत ज्या बसनं याल तीच बस पुढे वर्ध्याला आणि नागपूरला जाते. वर्ध्याला उतरून रेल्वे धरायचा पर्याय मात्र उपयोगी आहे. वर्धा ते नागपूर ७९ किलोमीटर, तासाभरात नागपूर. वर्ध्याला पोचल्यावर मोबाइलवर गाडी वेळेवर दिसत असेल आणि पुढची बस खचाखच असेल, तर जनरलचं तिकीट काढून जा. एक घोळ टाळा. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. मुंबईकडून येणाऱ्या गाड्या वर्ध्याला थांबतात, बल्लारशाकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या वर्धा न गाठता सेवाग्रामवरून जातात. मोबाइलवर गाडी ‘सेवाग्राम’ दाखवत असेल तर वर्धा स्टेशनवर तिची वाट पाहून उपयोग नाही.

स्वतःची कार नेणार असाल तर वर्ध्याजवळ येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढून नागपूरच्या दक्षिणेला शिवमडक्याला उतरता येतं. टोल भरून वाचणारा वेळ फार नाही, कारण आर्णी ते वर्धा हा मोठा टप्पा तसाच राहतो, आणि शिवमडका शहराच्या पार खालच्या टोकाला, अमरावती रोडपासून दूर आहे. दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे.

शहरात शिरताना कुठे उतरायचं, यावर तुमचा तासभर वाचतो किंवा जातो. वर्ध्याकडून येणारी एसटी बुटीबोरी, खापरी करत वर्धा रोडनं आत येते. याच रस्त्यावर डोक्यावरून मेट्रोची ऑरेंज मार्गिका धावते: खापरी, न्यू एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ, एअरपोर्ट, उज्ज्वलनगर, जयप्रकाशनगर, छत्रपती चौक, अजनी चौक, रहाटे कॉलनी, काँग्रेसनगर आणि मग सीताबर्डी, म्हणजे सगळ्यांची बर्डी. गणेशपेठपर्यंत बसून राहिलात तर गाडी संध्याकाळच्या गर्दीत शिरते आणि तिथून तुम्हाला उलटं पश्चिमेला यावं लागतं. त्यापेक्षा वर्धा रोडवरच उतरून मेट्रो धरा.

पण कुठल्या स्टेशनजवळ? इथे लोक फसतात. वर्धा रोडवर नोव्हेंबर २०२० पासून ३.१४ किलोमीटरचा दुमजली उड्डाणपूल आहे: खाली रस्ता, मध्ये पूल, वर मेट्रो. गाडी एकदा पुलावर चढली की उज्ज्वलनगर, जयप्रकाशनगर, छत्रपती चौक हे तिन्ही थांबे खालून निघून जातात आणि ड्रायव्हर पुलावर गाडी थांबवू शकत नाही. म्हणून तिकीट काढतानाच कंडक्टरला विचारा, ‘गाडी पुलावरून जाते की खालून?’ खालून जात असेल तर छत्रपती चौक. पुलावरून जात असेल तर त्याच्या अलीकडे एअरपोर्ट स्टेशनजवळ किंवा पलीकडे अजनी चौकात उतरवायला सांगा. पूल दिसू लागल्यावर उठून ‘थांबवा’ म्हणण्यात अर्थ नाही, तेव्हा तो आधीच लेन बदलून बसलेला असतो.

मेट्रोत सामान तपासणी होते, रांग लहान असते. मोबाइलवर क्यूआर तिकीट काढता येतं, खिडकीवरही मिळतं. तिघींचं एकदम काढलंत तरी आत-बाहेर पडताना प्रत्येकीला आपापलं स्कॅन करावं लागतं, तेव्हा एका फोनवर तिन्ही असतील तर फोन हातात धरून शेवटी जाणारी एकच असू द्या. बर्डीला मार्गिका बदलायची: ऑरेंजमधून उतरून त्याच स्टेशनात वेगळ्या मजल्यावरच्या अ‍ॅक्वा मार्गिकेवर, लोकमान्यनगरच्या दिशेनं. तिकीट नवीन लागत नाही, गेटबाहेर पडू नका. पुढे झाशी राणी चौक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, शंकरनगर चौक, एलएडी चौक. तुमचं काम शंकरनगर किंवा एलएडीला. मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री दहाच्या सुमारास थांबते. पहाटेच्या एसटीला जाण्यासाठी ती धरू नका. एक गाडी हुकली तर पुढचीसाठी १०-१५ मिनिटं मोजा.

राहायचं कुठे, याचं उत्तर यातूनच येतं. स्टँड आणि रेल्वे स्टेशनच्या आसपास, गणेशपेठ-कॉटन मार्केटकडे लॉज भरपूर आणि स्वस्त, पहाटेच्या गाडीला सोयीचे. पण तुमचं ठिकाण अमरावती रोड, आणि सोबत मुली. शंकरनगर, धरमपेठ, रामदासपेठ या पट्ट्यात खोली घ्या. भाडं जास्त पडेल, पण कॅम्पस दोन-तीन किलोमीटरवर, जेवणाच्या खानावळी हाकेच्या अंतरावर आणि रात्री आठ-नऊनंतरही रस्त्यावर माणसं. आयोजकांना आधी विचारा, विद्यापीठाचं अतिथिगृह किंवा मुलींचं वसतिगृह मिळतंय का. मिळालं तर तेच घ्या. तिघींचंही मूळ आधार कार्ड लागतं. मुलीच्या मोबाइलमधला धूसर फोटो लॉजवाला मान्य करेलच असं नाही. खोली ठरवताना फोनवरच विचारा की पक्कं बिल, तेही कॉलेजच्या नव्हे, तुमच्या नावानं, तारखांसह मिळेल का.

आता डिसेंबर. नागपुरात डिसेंबर म्हणजे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर करारातून आलेली ही प्रथा शहराचं सगळं वेळापत्रक बदलते. तुमच्या परिषदेच्या तारखा अधिवेशनात येतात का हे बातम्यांत पाहा, आणि येत असतील तर खोली आजच ठरवा. शासकीय विश्रामगृहाच्या आशेवर अजिबात राहू नका. आमदार निवास, रविभवन, नागभवन सगळं त्या दिवसांत भरलेलं असतं आणि उरलेल्या मंडळींनी बर्डी, सिव्हिल लाइन्स, रामदासपेठेतली हॉटेलं घेतलेली असतात. धरमपेठेत मिळतं, पण लवकर ठरवलं तरच.

दुसरा परिणाम रस्त्यांवर. मोर्चे बहुतेक धंतोलीच्या यशवंत स्टेडियमवरून निघतात, बर्डीच्या व्हरायटी चौकाकडून विधान भवनाच्या दिशेनं जातात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलीस अडवतात. एका दिवशी असे अनेक मोर्चे असतात. दुपारी बारा ते सहा या वेळात बर्डी, झिरो माइल, सिव्हिल लाइन्समधून ऑटोनं जायचं म्हणजे बॅरिकेड आणि वळवलेली वाहतूक. मेट्रो वरून जाते, ती या गोंधळाच्या वर राहते. फक्त बर्डी स्टेशनच्या जिन्यांवर गर्दी असते. म्हणून शंकरनगर-एलएडीकडे मुक्काम असला की तुम्हाला कॅम्पससाठी बर्डी ओलांडावीच लागत नाही. दसऱ्याच्या काळात दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात तेव्हा रेल्वे आणि लॉजची गत याहून कठीण असते. त्या आठवड्यात परिषद ठेवणाऱ्या आयोजकांना नागपूर नवीन असावं.

मुक्कामापासून कॅम्पसला ऑटो. ऑटोवाला मीटर टाकण्याची शक्यता कमीच. आधी भाडं ठरवा किंवा ॲपवरून बोलवा, म्हणजे निदान आकडा समोर दिसतो. नागपुरात पत्ता चौकानं चालतो. ‘परिषदेला जायचं’ किंवा विभागाचं लांबलचक नाव सांगून उपयोग नाही; ‘रविनगर चौकातून अमरावती रोडनं युनिव्हर्सिटी कॅम्पस’ असं सांगा. नुसतं ‘युनिव्हर्सिटी’ म्हटलंत तर महाराजबागेसमोरच्या जुन्या इमारतीकडे नेऊन सोडण्याची शक्यता असते, आणि तीही चूक म्हणता येत नाही, कारण १९२३ पासूनच्या या विद्यापीठाचा पत्ता जुन्या लोकांच्या डोक्यात तोच आहे. कॅम्पस मोठा आहे, विभाग विखुरलेले आहेत. समन्वयकांकडून तीन गोष्टी लिहून घ्या: कुठल्या गेटनं आत यायचं, सभागृह कुठल्या इमारतीत, आणि समांतर सत्रं त्याच इमारतीत की दुसरीकडे. मोबाइलवरचा नकाशा विभागाचं नाव टाकल्यावर कधी कधी मागच्या, बंद असलेल्या फाटकाशी नेतो.

हा मुद्दा फक्त तुमच्यापुरता नाही. पत्रिकेवर ‘नागपूर’ छापलेलं असतं आणि ठिकाण शहराच्या बाहेर असतं. व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था दक्षिण अंबाझरी रोडवर, एलएडी चौक स्टेशनवरून ऑटोनं जाण्यासारखी. हिंगणा रोडवरची, वानाडोंगरी-डिगडोहकडची अभियांत्रिकी महाविद्यालयं लोकमान्यनगर या शेवटच्या मेट्रो स्टेशनच्या पुढे. कापूस संशोधन संस्था पांजरीला, वर्धा रोडवर; तिथे येताना तुमची एसटी शहरात शिरायच्या आधीच उतरायला हवं. एम्स मिहानमध्ये, खापरीच्या पुढे. ट्रिपल आयटी वारंग्याला, बुटीबोरीच्या वाटेवर. त्यासाठी बर्डीला खोली घेणं म्हणजे रोज दोन वेळा २०-२५ किलोमीटर. आणि संस्कृत विद्यापीठाची परिषद असेल तर ती रामटेकला, नागपूरपासून जवळपास ५० किलोमीटर. खोली ठरवण्याआधी ठिकाण ठरवा, हे सांगायला सोपं वाटतं, पण उलटं केल्यामुळे पहिलं सत्र हुकणारे प्रत्येक परिषदेत भेटतात.

विदर्भाच्या इतर टोकांहून येणाऱ्यांसाठी थोडं. मेळघाटातून, धारणीहून परतवाडा-अमरावती करत येणाऱ्यांची बस वाडीवरून अमरावती रोडनंच शहरात शिरते, म्हणजे कॅम्पस त्यांच्या वाटेवरच आहे; गणेशपेठला जाऊन परत येण्यात पाऊण तास घालवू नका, रविनगर चौकाच्या अलीकडेच उतरा. अहेरी-आलापल्लीकडच्यांनी बल्लारशा किंवा चंद्रपूरपर्यंत बस आणि पुढे रेल्वे असं जाणं चांगलं, पण परतीला एक सावधगिरी: डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडतं आणि दिल्लीकडून येऊन दक्षिणेला जाणाऱ्या गाड्या नागपूरलाच तासन्‌तास उशिरा येतात. चंद्रपूरहून अहेरीची शेवटची बस अशा गाडीच्या भरवशावर सोडू नका. नागपूरहून सुटणारी गाडी किंवा सरळ एसटी घ्या. नागभीडहून छोट्या गाडीनं जा, असं कोणी जुनं माणूस सांगेल, तर ती नॅरोगेज २०१९ मध्येच रुंदीकरणासाठी बंद झाली. पावसाळ्यातली परिषद असेल तर भामरागडकडच्यांनी पर्लकोटा नदीच्या पुराचा विचार करून दोन दिवस आधी निघणं एवढाच इलाज.

रेल्वेनं आरक्षण करणाऱ्यांनी तिकिटावर स्टेशनचं नाव दोनदा वाचा. काही गाड्या नागपूरऐवजी अजनीहून सुटतात. पुण्याची वंदे भारत अशीच अजनीहून जाते. अजनी आणि नागपूर स्टेशनात तीनेक किलोमीटरचं अंतर, आणि मोर्च्याच्या दिवशी तेवढ्यातही गाडी हुकते. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, प्रतीक्षा यादीतल्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. नागपूर स्टेशनवर उतरून मेट्रो हवी असेल तर पूर्वेकडच्या, संत्रा मार्केटच्या बाजूनं बाहेर पडा. पश्चिमेकडच्या मुख्य दारानं निघालात तर सामान घेऊन वळसा पडतो.

मुलींच्या पोस्टरकडे आधी लक्ष द्या, कारण ते आर्णीतच बिघडतं. परिषदवाले बहुधा ए-झीरो मागतात, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. तालुक्याचा फ्लेक्सवाला फुटात मोजतो आणि ३ बाय ४ फूट छापून देतो, जे ९१४ बाय १२१९ होतं: दोन्हीकडून मोठं. बोर्ड नेमका ए-झीरोचा असेल तर कडा लोंबतात आणि खालचे निष्कर्ष दुमडले जातात. मिलिमीटरमध्ये माप लिहून द्या आणि चारी बाजूंनी दोन इंच कोरी जागा ठेवा. गुंडाळताना लांबीची बाजू गुंडाळा, म्हणजे गुंडाळीची उंची ८४१ मिलिमीटर, तीन फुटांच्या आत राहते. हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटांचा तुकडा आणि दोन टोपणं घ्या. आयत्या नळीपेक्षा स्वस्त आणि एसटीच्या वरच्या फळीवर आडवी बसते. डिकीत टाकू नका. छपाईची बाजू आतल्या अंगाला. दुहेरी चिकटपट्टी, पुशपिना आणि कात्री स्वतःची, कारण आयोजकांची चिकटपट्टी पहिल्या अर्ध्या तासात संपते.

तुमच्या निबंधाची सादरीकरणाची फाइल पीडीएफ करून न्या. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर तिथल्या संगणकावर ती इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. पेनड्राइव्हवर एक, मेलवर एक. वेळ १५ मिनिटांची सांगितलेली असली तरी सात मिनिटांत उरकेल अशीही तयारी ठेवा. उद्घाटन लांबलं की कापलं जातं ते शोधनिबंधांचंच सत्र.

जेवणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी तर्री पोहे कुठल्याही चौकात, दुपारी परिषदेचं जेवण, ते सहसा दोननंतर. सावजी खायचंच असेल तर दुसऱ्या रात्री, वाचनाच्या आदल्या रात्री नको. पहाटेच्या एसटीसाठी स्वेटर आणि कानाला बांधायला काही. डिसेंबरात नागपूर-वर्ध्याकडे पहाटेचा गारवा बोचतो आणि एसटीची एखादी काच बंद होतच नाही.

परतीला, दुपारी निघत असाल तर कॅम्पसहून थेट गणेशपेठला ऑटो करण्यापेक्षा एलएडी स्टेशनपर्यंत ऑटो, तिथून अ‍ॅक्वानं बर्डी ओलांडून नागपूर रेल्वे स्टेशन, आणि पुढचा छोटा टप्पा परत ऑटोनं गणेशपेठ. ऐकायला लांबचं वाटतं, पण अधिवेशनाच्या दिवसांत हेच वेळेत पोचवतं. वर्धा रोडवर मध्येच उभं राहून यवतमाळची गाडी धरायचा मोह टाळा. गणेशपेठहूनच ती भरून निघते आणि पुलावरून गेली तर तुम्ही खाली हात दाखवत राहाल.

पैशाचं आणि रजेचं. प्राचार्यांची परवानगी जाण्याआधीच्या तारखेची हवी. आल्यावर घेतलेली लेखापाल परत करतो. कर्तव्य रजेच्या अर्जात परिषदेचे दोनच दिवस लिहू नका, आदल्या दिवशीचा प्रवास आणि तिसऱ्या दिवशीची परत हेही ‘प्रवासासह’ म्हणून लिहा. विद्यार्थिनींसाठी पालकांचं संमतीपत्र आणि सोबत तुम्ही आहात हे नमूद केलेलं कॉलेजचं पत्र, दोन प्रती. एक वसतिगृह किंवा लॉजवर लागू शकते. नोंदणी शुल्क यूपीआयनं भरलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालेलच असं नाही. नाव, रक्कम, तारीख आणि परिषदेचं नाव असलेली शिक्क्याची पावती नोंदणीच्या टेबलावरच मागा, दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर कोणी नसतं. नाव प्रमाणपत्रावर सेवापुस्तिकेप्रमाणे लिहिलंय का तेही तिथेच पाहा.

एसटीची तिकिटं मशीनच्या उष्णतेवर उमटणाऱ्या कागदाची असतात. पाकिटात महिनाभर राहिली की कोरी होतात, आणि टिकवायला म्हणून लॅमिनेशन केलंत तर उष्णतेनं पूर्ण काळी पडतात. परतल्या दिवशीच आर्णीत झेरॉक्स काढून मूळ तिकीट झेरॉक्सच्या मागे टाचून ठेवा. बिलात महिलांचं अर्धं तिकीट जेवढं प्रत्यक्ष भरलं तेवढंच लिहा. पूर्ण भाडं लिहिलं की तिकिटावरची सवलत दिसते आणि सगळं बिल अडकतं. ऑटोला पावती मिळत नाही, त्यासाठी तारीख, कुठून कुठे आणि रक्कम असं स्वतःच्या सहीचं पत्रक चालतं का हे लेखापालांना जाण्याआधीच विचारा. ॲपवरून बोलावलेल्या ऑटोचं बिल मात्र मेलवर येतं, ते छापून जोडा.